एका निवृत्त इन्व्हेस्टमेंट बँकरला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी १९९० ते २०२० अशी तीस वर्षे मुंबईत इन्व्हेस्टमेंट बँकिंगच्या व्यवसायात काढली आणि त्यांतील शेवटची नऊ वर्षे मॅनेजिंग डायरेक्टर या पदावर होते. आता सांगलीत, विश्रामबागेत राहते. सांगली, मिरज, कराड किंवा साताऱ्याच्या एखाद्या महाविद्यालयात व्याख्यान झाले की पुढचे आठ-पंधरा दिवस फोनवर प्रश्न येत राहतात. ते विद्यार्थिनींचे असतात, त्यांच्या पालकांचे असतात आणि हल्ली कारखानदारांचेही असतात. प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून ते विचारणाऱ्यांच्याच शब्दांत येथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी मागच्या-पुढच्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इन्व्हेस्टमेंट बँकर म्हणजे बँकेतच नोकरी ना? मग तुमची शाखा कोणती होती?

शाखा नव्हती, कारण इन्व्हेस्टमेंट बँकर ठेवी घेत नाही आणि सहसा कर्जही देत नाही. ज्या कंपनीला भांडवल हवे आहे ती आणि भांडवल घालू शकणारे गुंतवणूकदार, किंवा जिला विकायचे आहे ती कंपनी आणि विकत घेऊ पाहणारा, अशा दोन पक्षांना एकत्र आणणे, मूल्य ठरवण्यास मदत करणे, कागदपत्रे सिद्ध करणे आणि व्यवहार तडीस नेऊन त्याचे शुल्क घेणे, हे त्याचे काम.

सांगलीकरांना हे समजावताना मी माझ्या आजोबांचे उदाहरण देते. त्यांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती. हळद शेतकऱ्याची, पैसा व्यापाऱ्याचा. आजोबांचे दोन्ही नव्हते. माल कसा आहे हे त्यांना एक हळकुंड मोडून कळे, कोणत्या खरेदीदाराच्या शब्दाला किती किंमत आहे हे ठाऊक असे, आणि सौदा झाल्यावर तोलाई-हमाली वजा जाता शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडेपर्यंत जबाबदारी त्यांची असे. मी भांडवलाची अडत केली, एवढेच. फरक दोन. हळदीचा सौदा सकाळी निघून दुपारी संपतो, माझा आठ महिने ते दोन वर्षे चालत असे; आणि माझ्या सहीच्या कागदात चुकीचे काही छापले गेले तर मी शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीला उत्तरदायी असे. आपल्याकडे सार्वजनिक भागविक्रीचे व्यवस्थापन करणाऱ्या संस्थेला सेबीकडे ‘मर्चंट बँकर’ म्हणून नोंदणी करावी लागते आणि तिला १९९२ चे मर्चंट बँकर विनियम लागू होतात.

२. मग एखादा चांगला शेअर सांगा ना. तुम्हाला तर आतले माहीत असणार.

आतले माहीत असते, म्हणूनच सांगता येत नाही. जी माहिती अजून प्रसिद्ध झालेली नाही आणि जिच्यामुळे भाव हलू शकतो, तिच्या आधारे व्यवहार करणे किंवा ती दुसऱ्याला पुरवणे हे सेबीच्या २०१५ च्या विनियमांनुसार निषिद्ध आहे. नोकरीत असताना स्वतःसाठी शेअर घ्यायचा तरी मला आधी कार्यालयाची परवानगी काढावी लागे, आणि आम्ही ज्या कंपनीचे काम हाती घेतलेले असे तिचा शेअर घेताच येत नसे. घरच्यांना हा नियम कसा लागतो ते प्रश्न ११ मध्ये आहे.

३. या क्षेत्रात जायला कोणती पदवी लागते? आयआयएम झालेच पाहिजे का?

एकच ठरलेली पदवी नाही. भरती मुख्यतः नामांकित व्यवस्थापन संस्थांतून आणि चार्टर्ड अकाउंटंटांमधून होते. मी वाणिज्य शाखेची पदवी घेऊन सीए झाले. आमच्या वेळी आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीन वर्षांची होती, जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची आहे. या व्यवसायात नाव काढलेल्या स्त्रियांची शिक्षणे पाहिली तरी हेच दिसते. फाल्गुनी नायर अहमदाबादच्या आयआयएममधून आल्या आणि नैना लाल किडवाई १९८२ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. पण मनीषा गिरोत्रा दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून आल्या आणि कल्पना मोरपारिया कायद्याच्या पदवीधर होत्या.

माझे स्पष्ट मत असे की, सांगली-साताऱ्याच्या मुलीसाठी सीएचा मार्ग अधिक सोयीचा आहे, कारण बारावीनंतर लगेच सुरू करता येतो, घरी राहून करता येतो आणि त्याचा खर्च व्यवस्थापन संस्थेच्या शुल्काच्या मानाने फार कमी आहे. माझी आर्टिकलशिप सांगलीच्या गावभागातील एका कार्यालयात झाली. साखर कारखान्याच्या ऑडिटला गेल्यावर व्हाउचरांच्या गठ्ठ्यांत महिनेच्या महिने जात, आणि याचा पुढे काय उपयोग, असे वाटे. उपयोग काय झाला ते प्रश्न ६ मध्ये सांगितले आहे. याशिवाय राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेची, म्हणजे एनआयएसएमची, मर्चंट बँकिंगवरची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा आहे. ती उत्तीर्ण झाल्याने नोकरी मिळत नाही, पण विषयाची वेस तरी ओलांडली जाते.

४. मराठी माध्यमातून शिकले आहे. इंग्रजी बोलताना अडखळते. जमेल का?

बोलणे सुधारते, लिहिणे मुद्दाम सुधारावे लागते. माझा पहिला मसुदा वरिष्ठांनी परत दिला तेव्हा पहिल्या पानावर तांबड्या शाईच्या खुणा सत्तावीस होत्या. मी त्या मोजल्या होत्या. त्यांतील बहुतेक व्याकरणाच्या नव्हत्याच. ‘कंपनी बाजारात अग्रेसर आहे’ असे मी लिहिले होते आणि समासात प्रश्न होता : कोणत्या बाजारात, कोणत्या वर्षी, कोणाच्या आकड्यांनुसार? हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय कोणत्याही माध्यमात लागू शकते.

५. तुम्ही व्हाइस प्रेसिडेंट होता, म्हणजे कंपनीत दुसऱ्या क्रमांकावर ना?

हा गैरसमज आमच्या घरीही होता. आपल्याकडे कारखान्याचे व्हाइस चेअरमन म्हणजे मोठे प्रस्थ, त्यामुळे मी व्हाइस प्रेसिडेंट झाले तेव्हा वडिलांनी पेढे वाटले आणि माझ्यासारखे तिथे आणखी चाळीस जण आहेत हे सांगण्याचा धीर मला झाला नाही. साधारण उतरंड अशी : अॅनालिस्ट, असोसिएट, व्हाइस प्रेसिडेंट, डायरेक्टर किंवा एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर, आणि शेवटी मॅनेजिंग डायरेक्टर. यातील ‘डायरेक्टर’ हा कंपनी कायद्यातील संचालक नव्हे, ते केवळ हुद्द्याचे नाव आहे. खालच्या दोन पायऱ्यांवर आकडे आणि मसुदे, मधल्या पायरीवर व्यवहार चालवणे, आणि वरच्या दोन पायऱ्यांवर काम मिळवणे, अशी कामाची विभागणी असते. आकड्यांत हुशार असलेली अनेक माणसे या शेवटच्या वळणावर थांबतात, कारण तिथे प्रवर्तकाच्या, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या मालकाच्या, घरी जाऊन पाच वर्षे नुसता चहा पिण्याची तयारी लागते आणि त्या चहाचे काम होईलच असे नसते.

६. दिवसभर नेमके काय करता? नुसत्या मीटिंगा?

मीटिंगा पुष्कळ असतात. पण कामाचा गाभा छाननी हा आहे. कंपनीने सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी आहे का, हे भागविक्रीपूर्वी तपासून पाहण्याची जबाबदारी मर्चंट बँकरवर असते. करार, परवाने, कर, खटले, जमिनीचे उतारे हे सर्व वकील आणि लेखापरीक्षक यांच्यासह पाहायचे आणि मग कारखान्यावर जायचे.

एक प्रसंग सांगते. एका कारखान्याने आपण तिन्ही पाळ्यांत पूर्ण क्षमतेने चालतो असे लिहून दिले होते. हजेरीपट व्यवस्थित होता, किंबहुना जरा जास्तच व्यवस्थित होता, कारण महिनाभराच्या रात्रपाळीच्या खुणा एकाच शाईच्या आणि एकाच हाताच्या दिसत होत्या. मी काही न बोलता कॅन्टीनमध्ये गेले आणि तिथल्या पोऱ्याला विचारले, की रात्री चहा किती कपांचा करतोस. तो म्हणाला, ‘‘रात्री कुठला चहा बाई, नऊला शटर ओढतो.’’ दुधाची वही मागून घेतली, तर तिसऱ्या पाळीचे दूध वर्षभर आलेच नव्हते. ते काम आम्ही सोडले. गुळाच्या आणि साखरेच्या गावातल्या ऑडिटमध्ये जी व्हाउचरे चाळली होती त्यांनी एवढे शिकवले होते, की उत्पादनाचा आकडा कोणीही लिहू शकतो, पण दुधाचे बिल खोटे लिहून ठेवावे असे सहसा कोणाला सुचत नाही.

७. आयपीओ येतो म्हणजे पडद्यामागे काय काय होते? भाव कोण ठरवतो?

आयपीओ म्हणजे कंपनीची पहिली सार्वजनिक भागविक्री. मी कामाला लागले तेव्हा तिचा भाव सरकार ठरवत असे. १९४७ च्या भांडवल विक्री नियंत्रण कायद्यानुसार दिल्लीतील नियंत्रकाची मंजुरी लागे, आणि अनेकदा बाजारभावाच्या मानाने फारच कमी अधिमूल्य (दर्शनी किमतीवरची जादा रक्कम) मान्य होई. १९९२ साली तो कायदा रद्द झाला, सेबीला वैधानिक अधिकार मिळाले आणि भाव ठरवण्याची जबाबदारी कंपनी व तिचे बँकर यांच्यावर आली. माझ्या मते आपल्याकडील इन्व्हेस्टमेंट बँकिंग खऱ्या अर्थाने तेथून सुरू होते.

आजची रीत थोडक्यात अशी. मुख्य बाजारात नफ्याच्या निकषावर यायचे असल्यास मागील तीनही वर्षांत निव्वळ मूर्त मालमत्ता किमान ३ कोटी, नक्त मूल्य किमान १ कोटी आणि तीन वर्षांचा सरासरी कार्यकारी नफा किमान १५ कोटी रुपये असावा लागतो. माहितीपत्रकाचा मसुदा सेबीकडे दाखल होतो आणि जनतेच्या सूचनांसाठी तो किमान २१ दिवस खुला राहतो. त्यानंतर किंमतपट्टा जाहीर होतो. त्याची वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या १२० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. या मार्गाने आलेल्या बुक-बिल्डिंग विक्रीत, म्हणजे पट्ट्यात आलेल्या मागणीवरून भाव ठरतो अशा विक्रीत, संस्थात्मक गुंतवणूकदारांना (म्युच्युअल फंड, विमा कंपन्या वगैरे) ५० टक्क्यांपर्यंत, बिगर-संस्थात्मकांना (मोठ्या रकमेचा अर्ज करणारे इतर) किमान १५ टक्के आणि किरकोळ गुंतवणूकदारांना किमान ३५ टक्के हिस्सा असतो. जी कंपनी नफ्याचा निकष पूर्ण करत नाही तिलाही येता येते, पण मग किमान ७५ टक्के भाग संस्थांनी घ्यावे लागतात आणि किरकोळ हिस्सा १० टक्क्यांवर येतो. अर्ज भरण्यापूर्वी हा एक आकडा पाहिला तरी कंपनी कोणत्या दाराने आली ते कळते. पैसे आता आपल्याच बँक खात्यात अडवून ठेवले जातात, आणि १ डिसेंबर २०२३ पासून विक्री बंद झाल्यावर कामकाजाच्या तिसऱ्या दिवशी शेअरची बाजारात नोंदणी व्हावी लागते. पूर्वी अर्जांची पोती ट्रकने येत, हे आजच्या मुलींना खरे वाटत नाही.

भाव मात्र अजूनही माणसेच ठरवतात. आजोबांच्या तरुणपणी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरे. आता मागणीची वही पडद्यावर दिसते, पण शेवटच्या रात्री प्रवर्तकाला दोन रुपये जास्त हवे असतात आणि मोठ्या फंडाला चार रुपये कमी हवे असतात, तेव्हा दोघांचे बोट धरून बसणारे कोणीतरी लागतेच.

८. आमचा लहान कारखाना आहे, कुपवाडला. आम्हाला शेअर बाजारात येता येईल का?

दोन्ही प्रमुख शेअर बाजारांचे लघु-मध्यम उद्योगांसाठीचे मंच २०१२ पासून आहेत. विक्रीनंतरचे भरणा झालेले भांडवल २५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या कंपनीला तेथे येता येते. २०२५ च्या दुरुस्तीनंतर मागील तीनपैकी किमान दोन वर्षांत १ कोटी रुपयांचा कार्यकारी नफा असावा लागतो. या विक्रीची पूर्ण रक्कम हमीबद्ध असावी लागते, म्हणजे न खपलेले शेअर हमी देणाऱ्याने घ्यायचे, त्यातील १५ टक्के हमी मर्चंट बँकरने स्वतःच्या खात्यावर घ्यावी लागते, आणि नोंदणीनंतर तीन वर्षे बाजारात खरेदी-विक्रीचे भाव देणारा मध्यस्थ ठेवावा लागतो.

येता येईल, यावे का, हा वेगळा प्रश्न आहे. नवे यंत्र घ्यायचे असेल, मागणी हाती असेल आणि बँकेची मर्यादा संपली असेल, तर विचार करावा. शेजारच्या कारखान्याने आणला म्हणून आणू नये. नोंदणीनंतर निकाल वेळेवर जाहीर करावे लागतात, पुतण्याच्या फर्मकडून घेतलेला कच्चा माल उघड करावा लागतो, आणि गणेशोत्सवाची वर्गणी कंपनीच्या खात्यातून द्यायची तर त्याचाही हिशेब कोणीतरी मागतो.

९. पुरुषांच्या क्षेत्रात बाईमाणूस म्हणून त्रास झाला असेल ना?

झाला. मुलीच्या जन्मानंतर कामावर परतले त्या वर्षी माझा बोनस निम्म्यावर आला आणि कारण असे देण्यात आले, की ‘आता तुझे लक्ष विभागले जाईल’. जे व्यवहार मी बाळंतपणाच्या रजेपूर्वी पूर्ण केले होते त्यांचे शुल्क मात्र विभागले गेले नव्हते. त्या कार्यालयात मी आणखी सात महिने राहिले.

परंतु दुसरीही बाजू आहे. एका गावी आम्ही चौघे छाननीला गेलो होतो. जेवणानंतर पुरुष मंडळी दिवाणखान्यात बसली आणि प्रवर्तकाच्या पत्नी मला ‘‘ताई, आत या की’’ म्हणून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मला राग आला होता. ओटीचे नारळ-खण देता देता त्या म्हणाल्या, की कंपनीत त्यांचेही नाव संचालक म्हणून आहे, ‘हे’ सांगतात तिथे त्या सही करतात, आणि धाकट्या जावेकडे मात्र आता जाणे-येणे नाही, वाटणीचा दावा लागल्यापासून. कारखान्याची जमीन त्याच वाटणीत होती. दिवाणखान्यात तीन दिवसांत त्या दाव्याचा उल्लेख कोणी केला नव्हता, आणि प्रलंबित खटले माहितीपत्रकात जाहीर करणे बंधनकारक आहे. ते दिवाणखान्यात बसलेल्या तिघांना कळले नसते.

१०. लग्न, मुले आणि असली नोकरी हे एकत्र जमते का? खरे सांगा.

एकटीने जमत नाही. माझ्या वेळी प्रसूती रजा बारा आठवड्यांची होती. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. कायद्याने रजा मिळते, रात्री अकरा वाजता तापलेल्या मुलीजवळ कोण बसणार, हे कायदा सांगत नाही. आमच्याकडे सासूबाई बसल्या. त्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मिरजेहून दोन महिन्यांसाठी आल्या आणि अकरा वर्षे राहिल्या. माझ्या यशाच्या गोष्टीत त्यांचे नाव शेवटी आभारात येते. ते पहिल्या परिच्छेदात यायला हवे.

या व्यवसायातून स्त्रिया गळतात त्या बहुधा व्हाइस प्रेसिडेंटच्या पायरीवर, तिशीच्या मध्यात. अक्कल कमी पडते म्हणून त्या जात नाहीत. त्याच वर्षांत काम सर्वांत जास्त असते, मुले सर्वांत लहान असतात आणि आईवडील आजारी पडू लागतात. म्हणून मुली ‘कोणती परीक्षा देऊ’ असे विचारतात तेव्हा मी त्यांना उलट विचारते, की ज्याच्याशी लग्न ठरते आहे त्याला कुकर लावता येतो का. पालकांना हे उत्तर आवडत नाही.

११. भाऊ किंवा नवरा शेअर बाजारात असेल तर काय? घरात तर बोलणे होणारच.

विनियमांत ‘निकटचे नातेवाईक’ अशी व्याख्या आहे. पती किंवा पत्नी त्यात येतातच. आईवडील, भावंडे आणि मुले, तसेच जोडीदाराचे हेच नातेवाईक, आर्थिकदृष्ट्या अवलंबून असतील किंवा व्यवहार करताना त्या व्यक्तीचा सल्ला घेत असतील तर येतात. म्हणजे स्वतंत्र कमावणारा आणि तुम्हाला न विचारता व्यवहार करणारा भाऊ या व्याख्येत येत नाही. पण त्याच्या कानावर तुमच्याकडून काही गेले, तर व्याख्येत नसल्याचा काहीही उपयोग नाही, दोघेही अडकतात. माझा भाऊ वायदेबाजारात हळदीचे व्यवहार करतो आणि दिवाळीला घरी आल्यावर मी तीस वर्षे त्याच्याशी पावसाबद्दलच बोलले. पाऊस हा हळदीच्या दृष्टीने भाव हलवणारा विषय आहे, असे तो म्हणे. पण ती माहिती तरी सर्वांना खुली होती.

१२. आपली सांगली बँक आणि साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न तुमच्यासारख्यांनीच विकल्या ना?

हा प्रश्न ज्येष्ठ नागरिकांकडून येतो आणि त्यात दुःख असते, म्हणून सविस्तर सांगते. दोन्ही बँका काही महिन्यांच्या अंतराने गेल्या, पण वेगवेगळ्या मार्गांनी गेल्या. १९३६ साली स्थापन झालेल्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर २ सप्टेंबर २००६ रोजी व्यवहारस्थगिती आली आणि बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ नुसार ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. असे विलीनीकरण रिझर्व्ह बँकेच्या योजनेने आणि केंद्र सरकारच्या मंजुरीने होते. भागधारकांचे मतदान त्यात नसते. भागधारकांना प्रत्येक शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले.

१९१६ साली स्थापन झालेली सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत गेली, ती कलम ४४अ नुसार, म्हणजे दोन्ही संचालक मंडळांनी ठरवून आणि भागधारकांच्या संमतीने. तिथे रोख रक्कम नव्हती; सांगली बँकेच्या ९२५ शेअरांमागे आयसीआयसीआयचे १०० शेअर असे गुणोत्तर होते. असे गुणोत्तर काढणे हे मूल्यांकन करणाऱ्यांचे आणि बँकरांचे काम असते, पण विकायचे की नाही हे ते ठरवत नाहीत. अडत्या भाव काढून देतो. पोते उचलायला शेतकऱ्याने हो म्हणावे लागते. पहिल्या व्यवहारात ‘हो’ म्हणण्याची संधीच राहिली नव्हती, हा त्या दोन विलीनीकरणांमधला खरा फरक आहे.

१३. म्हसवडची माणदेशी महिला बँक पण इन्व्हेस्टमेंट बँकच का?

नाही, ती सहकारी बँक आहे. चेतना सिन्हा यांनी १९९७ साली सातारा जिल्ह्यात ती सुरू केली. पहिला परवाना-अर्ज प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणाने फेटाळला गेला. त्या स्त्रिया अक्षरे शिकल्या आणि पुन्हा गेल्या, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमचे अधिकारी यंत्राने करोत, अशा तयारीने. भांडवल उभारणीचा हा प्रसंग मी माझ्या एकाही व्यवहारापेक्षा मोठा मानते.

१४. निवृत्तीनंतर संचालक मंडळावर जाता येते का? आधी ज्या कंपनीचे काम केले तिच्यावरही?

२०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक कंपन्यांना किमान एक स्त्री संचालक बंधनकारक केली, आणि सेबीने १ एप्रिल २०२० पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांत ती स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीशी आर्थिक हितसंबंध नसलेली, असावी असे ठरवले. त्यामुळे विचारणा होते. जुन्या ग्राहक कंपनीबाबत कायदा मागील तीन आर्थिक वर्षांतील संबंध तपासतो. त्यात बसले तर जाता येते. मला असे एक बोलावणे आले तेव्हा मुदत उलटून गेली होती, तरी मी नकार दिला, कारण ज्या माहितीपत्रकावर माझी सही आहे त्यातील आश्वासने पाळली गेली नाहीत हे सांगण्याची वेळ आली असती तर माझी जीभ जड झाली असती.

१५. आमच्या कंपनीचे कागद तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवू का?

पाठवू नयेत, प्रश्न २ मधील कारण येथेही लागू आहे. ज्यांना भागविक्री करायची आहे त्यांनी सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मर्चंट बँकरांची यादी पाहावी आणि त्यांतील दोघा-तिघांशी बोलावे. माझा व्यवसाय आता बंद आहे. तरीही कोणाला नुसते भेटून बोलायचे असेल तर शनिवारी सकाळी यावे, शुल्क नाही. येताना तीन वर्षांचे ताळेबंद मूळ स्वरूपात आणावेत, घरातील सर्व दाव्यांची यादी आणावी, आणि कॅन्टीन असेल तर दुधाची वहीसुद्धा.